‘अजून थोडं डावीकडे… बस!’ : आवाज आणि हातवाऱ्यांवर चालणारा आभासी कॅमेरा

चित्रीकरणाच्या सेटवर दिग्दर्शक सहसा कॅमेऱ्याला हात लावत नाही. तो बोलतो आणि हाताने दाखवतो. ‘दादा, जरा डावीकडे पॅन करा’, ‘ट्रॉली इथून तिथपर्यंत, सावकाश’, ‘अजून टाइट’, ‘बस, हीच फ्रेम’. एवढ्यावर कॅमेरामन, फोकस पुलर आणि ट्रॉली ढकलणारा असे तिघेही कामाला लागतात. संगणकात उभारलेल्या त्रिमितीय दृश्यात मात्र दिग्दर्शक एकटा पडतो. समोर माउस, कीबोर्ड आणि आकड्यांचे रकाने. जी चाल तोंडाने मिनिटभरात सांगून झाली असती, ती बसवायला तासन्‌तास जातात.

ऐरोली-महाप्यापासून खारघर-पनवेलपर्यंत ॲनिमेशन शिकणाऱ्या मुलांना आणि नव्या इमारतींचे ‘वॉकथ्रू’ बनवणाऱ्या ऑफिसांना हे नवं नाही. ग्राहक मागे उभा राहून पडद्याकडे बोट दाखवतो, ‘इकडून दाखवा ना, बाल्कनीतून’ म्हणतो आणि खुर्चीतला ऑपरेटर माउस फिरवतो. त्या ऑपरेटरचं ऐकण्याचं आणि बघण्याचं काम यंत्राला शिकवता येईल का, या प्रश्नावर चाळीसहून अधिक वर्षं संशोधन चालू आहे. उत्तर बरंचसं ‘हो’ असं आहे. अट एवढीच की आवाजाकडून आवाजाचं आणि हाताकडून हाताचं काम घ्यावं. दोघांची अदलाबदल केली की सगळं बिनसतं.

## उदाहरणासाठी एक जागा

पुढचं सगळं हवेत राहू नये म्हणून नवी मुंबईतलीच एक जागा घेऊ : बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेज. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी सिडकोसाठी आखलेली ही वसाहत १९८३ ते १९८६ या काळात उभी राहिली. सात घरांच्या मधोमध साधारण ८ मीटर बाय ८ मीटरचं एक अंगण. असे तीन पुंजके एकत्र येऊन २१ घरांचं आणखी मोठं, सुमारे १२ मीटर बाय १२ मीटरचं सामाईक अंगण. शेजारच्या घराशी भिंत सामाईक ठेवायची नाही, म्हणजे ज्याला त्याला आपलं घर वाढवता येईल, हा कोरियांचा विचार. लोकांनी घरं वाढवलीही. अनेक ठिकाणी मूळची उतरत्या छपरांची बैठी घरं जाऊन मजले चढले. मूळ रचना अखंड बघायची तर आज आराखडे आणि जुन्या छायाचित्रांचाच आधार घ्यावा लागतो.

समजा, त्या आराखड्यांवरून कोणी या वसाहतीची त्रिमितीय प्रतिकृती संगणकात बनवली. आता त्या अंगणांतून, घरांच्या मधल्या बोळांतून कॅमेरा न्यायचा आहे. कसा नेणार?

## कॅमेऱ्याचे सात आकडे

आभासी कॅमेऱ्याला वजन नसतं, खरं भिंग नसतं, तिपाईही नसते. तो म्हणजे सात आकडे. तीन आकडे तो कुठे आहे ते सांगतात : लांबी, रुंदी, उंची. तीन आकडे तो कुठे बघतो ते सांगतात : आडवा वळलेला म्हणजे पॅन, वर-खाली झुकलेला म्हणजे टिल्ट आणि एका कुशीवर कललेला म्हणजे रोल. सातवा आकडा भिंगाचा, म्हणजे झूमचा. फोकस आणि उजेडाचे आकडे धरले तर संख्या आणखी वाढते.

माउस सरकतो फक्त दोन दिशांना. त्यामुळे सात आकडे दोन-दोन करून हलवावे लागतात : एक बटण दाबलं की फिरतो, दुसरं दाबलं की सरकतो, चाक फिरवलं की जवळ येतो. खऱ्या कॅमेऱ्याची चाल मात्र अशी तुकड्यांत होत नाही. ट्रॉली पुढे जात असते, त्याच वेळी कॅमेरा हळूच उजवीकडे वळत असतो आणि क्रेन वर उचलत असते.

१९९० मध्ये कॉलिन वेअर आणि स्टीव्हन ऑसबोर्न यांनी हातात धरायच्या एका संवेदकाने आभासी कॅमेरा चालवण्याच्या तीन पद्धती तपासल्या. पहिलीत आपण जणू डोळाच हातात धरून दृश्यात फिरवतो. दुसरीत डोळा जागेवर असतो आणि दृश्यच हातात घेऊन उलटंपालटं करून बघतो. तिसरीत आपण विमान चालवल्यासारखे दृश्यातून उडतो. एखादी वस्तू चहूबाजूंनी निरखायला दुसरी पद्धत सोयीची आणि वास्तूच्या आतून फिरायला तिसरी. सगळ्या कामांना पुरेल अशी एकही नाही. म्हणजे पद्धत बदलत राहावी लागणार, आणि दर वेळी त्यासाठी हातातलं काम थांबवणं परवडणारं नाही. आवाजाची गरज इथे पडते.

## आवाजाचं काम, हाताचं काम

आवाज निर्णय सांगायला चांगला. ‘रेकॉर्ड’, ‘आधीचा शॉट दाखव’, ‘पस्तीसची लेन्स लाव’, ‘मोठ्या अंगणाचा वाइड दे’ : या आज्ञा हाताने देता येणार नाहीत. जी वस्तू समोर दिसत नाही, जो शॉट मघाशी घेतला होता, जी गोष्ट नावानेच ओळखायची आहे, तिथे शब्दच हवा.

हात मापाला चांगला. ‘थोडं डावीकडे’ म्हणजे किती अंश? ‘सावकाश’ म्हणजे सेकंदाला किती मीटर? शब्दांत सांगायला गेलात तर ‘अजून थोडं, अजून थोडं, जास्त झालं, मागे घे’ हा घोळ संपत नाही. तोच हात हवेत हवा तितका आणि हव्या त्या वेगाने सरकवला की दिशा, अंतर आणि गती तिन्ही एकदम कळतात.

दोघं एकमेकांची संदिग्धताही मिटवतात. ‘डावीकडे घे’ या साध्या वाक्याचे दोन अर्थ होतात. कॅमेरा जागेवरच ठेवून मान वळवायची, की अख्खी ट्रॉली डावीकडे न्यायची? अनुभवी कॅमेरामन दिग्दर्शकाच्या हाताकडे बघून हे ओळखतो. मनगट जागेवर राहून पंजा वळला तर पॅन, पूर्ण हात आडवा सरकला तर ट्रॉली. ‘वर घे’चंही तसंच : बोटं वर झाली तर टिल्ट, तळहात आडवा ठेवून उचलला तर क्रेन. वाक्य तेच, पण अंगणाच्या शॉटमध्ये फरक केवढा! टिल्टने छपरं आणि आकाश दिसेल, क्रेनने छपरांपलीकडची पुढची अंगणंही.

‘जवळ जा’मध्येही अशीच गोम आहे. ट्रॉलीने पुढे गेलं तर बाजूच्या भिंती मागे सरकतात, आपण आत शिरल्याची जाणीव होते. झूम केलं तर समोरचं दार नुसतं मोठं होतं, जागेची खोली मात्र चपटी होते. यंत्राने इथे अंदाज करू नये. एकदा विचारून घ्यावं आणि त्या दिवसापुरतं लक्षात ठेवावं.

## १९८० : ‘ते तिथे ठेव’

या सगळ्याची सुरुवात कॅमेऱ्यापासून झाली नाही. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या आर्किटेक्चर मशीन ग्रुपमध्ये रिचर्ड बोल्ट यांनी १९८० मध्ये एक प्रयोग मांडला. भिंतीएवढा पडदा, समोर एक खुर्ची, बसणाऱ्याच्या मनगटावर चुंबकीय संवेदक आणि तोंडासमोर माइक. पडद्यावर रंगीत आकार. बसलेला माणूस एका आकाराकडे बोट दाखवून ‘ते’ म्हणे, मग रिकाम्या जागेकडे बोट दाखवून ‘तिथे ठेव’ म्हणे, आणि आकार तिथे जाई. त्या यंत्राला जेमतेम १२० शब्द ओळखता येत होते आणि एका दमात पाचच.

एवढ्याशा शब्दांत काम भागलं, कारण अवघड भाग हाताने उचलला होता. ‘वरच्या उजव्या कोपऱ्यातला मोठा निळा चौकोन’ असं लांबलचक वर्णन करण्याची गरज उरली नव्हती. बोट आणि ‘ते’ पुरेसं होतं. बोल्टच्या प्रयोगाचा हा धडा आजही जुना झालेला नाही : हात सोबत असेल तर शब्द थोडके लागतात आणि थोडके शब्द यंत्राला नीट ओळखता येतात.

## आकाशगंगांमधून कॅमेरा

आवाज आणि हात थेट कॅमेऱ्याच्या कामाला लागले ते १९९०च्या दशकात, इलिनॉय विद्यापीठात. या विद्यापीठाच्या शिकागो शाखेत १९९२ मध्ये ‘केव्ह’ नावाची खोली तयार झाली. साधारण दहा फूट लांबी-रुंदीची ही खोली, तिच्या भिंतींवर आणि जमिनीवर त्रिमितीय चित्रं पडत आणि डोक्यावरच्या संवेदकामुळे आपण जिथे बघू तसं दृश्य बदले. अर्बाना-शँपेन इथल्या एनसीएसए या महासंगणक केंद्रात डोना कॉक्स, रॉबर्ट पॅटरसन आणि मार्कस थिबो यांनी या खोलीसाठी ‘व्हर्च्युअल डिरेक्टर’ नावाची प्रणाली बांधली.

यात दिग्दर्शक दृश्याच्या आतच उभा राहतो. हातातली छडी हलवली की कॅमेरा हलतो, तोंडाने आज्ञा दिली की चाल नोंदवली जाते, परत दाखवली जाते, तिच्यात दुरुस्ती करता येते. कॅमेऱ्याचा मार्ग हवेत तरंगणाऱ्या रेषेसारखा दिसतो आणि ती रेष नको तिथे गेली असेल तर हाताने ओढून नीट करता येते.

त्यांना हे का करावं लागलं? ते विश्वाची दृश्यं बनवत होते. आकाशगंगांची टक्कर दाखवायची तर तिथे जमीन नाही, वर-खाली नाही, ओळखीचं माप नाही. आर्टिस्ट व्हिलेजमध्ये निदान दार किती उंच असतं ते माहीत असतं. लाखो प्रकाशवर्षांच्या पसाऱ्यात माउसने वाट काढणं म्हणजे हमखास चुकामूक. १९९६ च्या ‘कॉस्मिक व्हॉयेज’ या आयमॅक्स माहितीपटातल्या विश्वाच्या दृश्यांसाठी कॅमेऱ्याच्या चाली या प्रणालीवर बसवल्या गेल्या. पुढे न्यूयॉर्कच्या हेडन तारांगणासाठीही ती वापरली गेली.

चित्रपटसृष्टीने पुढे हाच रस्ता वेगळ्या साधनांनी धरला. ‘अवतार’च्या (२००९) वेळी जेम्स कॅमेरॉन रिकाम्या मंचावर हातात पडदा धरून फिरत आणि त्या पडद्यात त्यांना संगणकातलं जंगल दिसे. ‘द लायन किंग’च्या (२०१९) वेळी चमू डोळ्यांवर व्हीआरचे चष्मे चढवून आफ्रिकेच्या आभासी माळावर उतरला आणि छायाचित्रकार केलेब डेशनेल यांनी खऱ्या ट्रॉली-तिपाईच्या हालचालींतून आभासी कॅमेरा चालवला. मुरलेल्या कॅमेरामनच्या अंगातली सवय वाया जाऊ नये, हा त्यामागचा हेतू होता.

## एक वाक्य, पाच पायऱ्या

आता बेलापूरला परत येऊ. आपण पडद्यासमोर उभं राहून म्हणतो : ‘या दारापासून त्या अंगणापर्यंत सावकाश ने.’ ‘या’ म्हणताना एकीकडे बोट, ‘त्या’ म्हणताना दुसरीकडे. यंत्राच्या आत काय होतं?

पहिली पायरी ऐकण्याची. आवाजाचे शब्द होतात आणि प्रत्येक शब्द कोणत्या क्षणी उच्चारला याचीही नोंद होते. ही वेळ महत्त्वाची आहे, ती पुढे उपयोगी पडते.

दुसरी पायरी बघण्याची. साधा वेबकॅम असला तरी आज चालतं. गूगलच्या मीडियापाइपसारखं मोफत सॉफ्टवेअर प्रत्येक हातावरचे २१ बिंदू, म्हणजे मनगट, बोटांचे सांधे आणि टोकं, सतत शोधत राहतं. त्यावरून बोट कुठे रोखलंय, मूठ वळलीय की पंजा उघडा आहे ते कळतं.

तिसरी पायरी जोडणीची, आणि चुका होतात त्या इथे. ‘या’ शब्दाला कोणतं बोट जोडायचं? वाटतं, शब्द उच्चारला त्याच क्षणाचं. पण अमेरिकी संशोधक शॅरन ओव्हिएट यांच्या अभ्यासात दिसलं की दोन्ही एकदम झाले नाहीत तर खूण बहुधा शब्दाच्या आधी येते. म्हणजे यंत्राने शब्दाच्या थोडं मागे जाऊन हात बघायला हवा. त्यात बोट कधीच अगदी नेमकं नसतं. रोख दोन अंशांनी चुकला तर ८ मीटरवर फरक पडतो सुमारे २८ सेंटिमीटरचा आणि २० मीटरवर ७० सेंटिमीटरचा. पलीकडच्या अंगणातली दोन दारं शेजारी असतील तर चुकीचं निवडलं जाणारच. इथे ‘दार’ हा शब्द मदतीला येतो. बोटाच्या आसपास जे काही आहे त्यातलं दार तेवढं घ्यायचं, खिडकी आणि तुळस सोडायची.

चौथी पायरी अर्थाची. वाक्याची एक छोटी नोंद तयार होते : सुरुवात हे दार, शेवट ते अंगण, प्रकार ट्रॉली, वेग मंद.

पाचवी पायरी चाल आखण्याची. सरळ रेष काढली तर कॅमेरा भिंतीतून आरपार जाईल. म्हणून बोळातून वाट शोधायची, भिंतीपासून हातभर अंतर ठेवायचं, उंची सांगितली नसेल तर डोळ्याच्या पातळीची, साधारण दीड मीटरची धरायची, सुरुवातीला हळूहळू वेग घ्यायचा आणि शेवटी हळूहळू सोडायचा. वाट १२ मीटरची आणि वेग सेकंदाला सरासरी १ मीटर धरला तर शॉट १२ सेकंदांचा झाला, म्हणजे सेकंदाला २४ च्या हिशेबाने २८८ चौकटी.

## ‘बस’ म्हटल्यावर थांबतो कुठे?

या कामातली सगळ्यात कसोटीची आज्ञा म्हणजे ‘बस’. ती ऐकून, ओळखून, अर्थ लावेपर्यंत यंत्राला अर्धा सेकंद लागला आणि कॅमेरा माणसाच्या चालीने, सेकंदाला साधारण १.४ मीटरने जात असला, तर तो ७० सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. ८ मीटरच्या अंगणात ही चूक ठळक दिसते. चौकटीच्या कडेला ठेवायचा खांब बाहेर गेलेला असतो.

यावर दोन उपाय आहेत. पहिला, थांबवण्याचं काम हाताला द्यायचं : मूठ मिटली की कॅमेरा थांबला. हात ओळखायला वाक्य संपण्याची वाट बघावी लागत नाही. दुसरा, शब्दाच्या वेळेची जी नोंद ठेवली होती ती वापरायची. ‘बस’चा पहिला उच्चार ज्या क्षणी झाला, त्या क्षणी कॅमेरा जिथे होता तिथे त्याला अलगद परत आणायचं. चाल आखताना दुसरा उपाय चालतो. प्रत्यक्ष शॉट नोंदवला जात असेल तेव्हा मूठच बरी.

## कॅमेऱ्याचं व्याकरण

आज्ञा तंतोतंत पाळणारा कॅमेरा चांगला असेलच असं नाही. दोन माणसं बोलत असताना त्यांच्यामधली काल्पनिक रेष ओलांडून कॅमेरा पलीकडे गेला, तर पुढच्या शॉटमध्ये दोघांच्या दिशा उलट होतात आणि बघणारा गोंधळतो. हे सेटवर कोणालाही माहीत असतं, संगणकाला सांगावं लागतं. १९९६ मध्ये ली-वेई हे, मायकेल कोहेन आणि डेव्हिड सेलेसिन यांनी चित्रपटातल्या अशा रूढ पद्धती नियमांच्या रूपात संगणकाला शिकवल्या. दोघांच्या संवादासाठी एक नियमसंच, तिसरा माणूस आला की दुसरा.

हे व्याकरण आपल्याकडेही घडत गेलं आहे. प्रभात फिल्म कंपनीने १९३३ मध्ये कोल्हापुराहून पुण्याला मुक्काम हलवल्यानंतर व्ही. शांताराम यांनी ‘अमृतमंथन’ (१९३४) केला. त्यातला चंद्रमोहन यांच्या राजगुरूचा, पडदाभर फक्त डोळा दाखवणारा क्लोजअप आजही दाखला म्हणून दिला जातो. ज्या जागेत तो चित्रपट झाला तिथेच १९६० पासून फिल्म इन्स्टिट्यूट आहे. ‘डोळ्यांवर टाइट’ एवढंच म्हटल्यावर काय अपेक्षित आहे, हे अशा शॉट्सच्या परंपरेतून ठरतं. म्हणून यंत्राला आज्ञांच्या यादीबरोबर शॉट्सचीही ओळख हवी. आणि दिग्दर्शकाला नियम मोडायचाच असेल तर यंत्राने एकदा सुचवून गप्प बसावं.

## मराठी ऐकणारं यंत्र

२०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा नोंदवणारे ८ कोटी ३० लाखांहून अधिक होते. तरी आवाज ओळखणाऱ्या प्रणालींच्या शिदोरीत मराठीचा वाटा लहान आहे. ओपनएआयने २०२२ मध्ये आणलेलं ‘व्हिस्पर’ ६ लाख ८० हजार तासांच्या आवाजावर शिकलं. त्यातले १ लाख १७ हजार तास इंग्रजीखेरीजच्या ९६ भाषांना मिळून. आपल्याकडे २०२२ मध्येच केंद्र सरकारची ‘भाषिणी’ ही भाषातंत्रज्ञानाची योजना सुरू झाली आणि आयआयटी मद्रासच्या ‘एआयफोरभारत’ गटाने आकाशवाणीच्या बातम्यांमधून भारतीय भाषांचा मोठा आवाजसंग्रह केला. त्यात मराठी आहे.

पण बातम्यांची मराठी आणि सेटवरची मराठी यांत मोठं अंतर आहे. बातमी देणारा पूर्ण वाक्य बोलतो. सेटवर अर्धं मराठी आणि अर्धं कामाचं इंग्रजी : ‘लेफ्टला जा, थोडी हेडरूम दे, लूज ठेव, ट्रॉली इन, हां हां, बस’. क्रियापदाचं रूप समोरच्या माणसावर ठरतं. बरोबरीच्याला ‘फिरव’, ज्येष्ठ कॅमेरामनला ‘फिरवा’, सगळ्यांना मिळून ‘फिरवूया’, अजिजीने ‘फिरव ना’. यंत्राला या सगळ्यांचा एकच अर्थ कळला पाहिजे. शिवाय ‘आधीचं बरं होतं’ ही तक्रार वाटली तरी आज्ञा आहे : मागच्या चालीवर परत जा. ‘राहू दे’ ही रद्द करण्याची, ‘असू दे’ ही ठेवण्याची. मोठी भाषा-प्रारूपं असा मोकळा बोल बऱ्यापैकी पकडतात. पण खात्री नसताना ती आत्मविश्वासाने चुकीचाही अर्थ लावतात. म्हणून कॅमेरा हलण्याआधी ‘पॅन, डावीकडे, १० अंश’ अशी एक ओळ पडद्यावर उमटावी आणि मान हलवल्यावरच काम पुढे जावं.

## हाताच्या मर्यादा

हाताची पहिली अडचण थकवा. दोन मिनिटं हात समोर उचलून धरा म्हणजे कळेल. म्हणून खुणा कोपर टेकवून करता येतील अशा, छोट्या असाव्यात.

दुसरी अडचण थरथरीची. स्थिर धरलेला हातही किंचित हलतो आणि ती थरथर थेट शॉटमध्ये उतरते. सॉफ्टवेअरमध्ये ती गाळतात : हात मंद चालत असेल तर जास्त गाळायची, वेगात असेल तर कमी, नाहीतर कॅमेरा हाताच्या मागे रखडल्यासारखा वाटतो.

तिसरी अडचण प्रमाणाची. हात ३० सेंटिमीटर हलला तर कॅमेरा किती हलावा? अख्खी वसाहत फिरायची तर ६ मीटर, म्हणजे वीसपट. उंबऱ्यावरची रांगोळी दाखवायची तर तितकाच, एकास एक. हे प्रमाण दर वेळी मेनूतून बदलण्यात अर्थ नाही. ‘मोठं फिर’ आणि ‘बारीक’ असे दोन शब्द ठेवले की झालं.

चौथी अडचण म्हणजे माणूस बोलताना तसाही हात हलवतो. कोणती खूण कॅमेऱ्यासाठी आणि कोणती शेजाऱ्यासाठी? यासाठी एक ठळक ‘चालू’ खूण हवी. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात शिकून एमआयटीत गेलेल्या प्रणव मिस्त्री यांनी २००९ च्या सुमारास दाखवलेल्या ‘सिक्स्थसेन्स’ या अंगावर बाळगायच्या उपकरणात अशी एक छान खूण होती. दोन्ही हातांच्या अंगठ्या-तर्जनींनी हवेत चौकट केली की गळ्यातल्या कॅमेऱ्याने फोटो काढला. ही चौकट माणूस सहज, नकळत करत नाही आणि तिचा अर्थ कोणालाही समजावून सांगावा लागत नाही. आभासी कॅमेऱ्यासाठी ‘ही फ्रेम घे’ म्हणायला यापेक्षा चांगली खूण सापडणं कठीण.

## उपयोग कुणाला

पहिला उपयोग चित्रीकरणाआधीच्या तयारीला. महागडा सेट उभारण्यापूर्वी दिग्दर्शक आणि छायालेखक प्रतिकृतीत उभे राहून शॉट ठरवू शकतात. दोघांपैकी कोणालाही सॉफ्टवेअर येत नसलं तरी चालतं.

दुसरा वास्तुरचनेला. ग्राहक स्वतःच ‘स्वयंपाकघरातून दाखवा, आता खिडकीजवळ’ म्हणत फिरला तर बिल्डरने निवडलेल्या देखण्या कोनांपलीकडचंही त्याला दिसेल. शेजारची इमारत किती जवळ येते, दुपारी ऊन कुठे पडतं, हे घर घेणाऱ्याच्या थेट फायद्याचं आहे.

तिसरा शिक्षणाला. आर्टिस्ट व्हिलेजसारख्या बदललेल्या जागा, पडझड झालेले किल्ले, यांच्या प्रतिकृतीतून शिक्षक वर्गासमोर बोलत बोलत कॅमेरा नेऊ शकतो. आणि ज्यांना माउस धरता येत नाही, त्यांना नुसत्या आवाजावर चित्रपट करता येणं ही लहान गोष्ट नाही.

## सुरुवात करायची तर

यासाठी केव्हची खोली लागत नाही. ब्लेंडर हे त्रिमितीय सॉफ्टवेअर मोफत आहे आणि त्यातला कॅमेरा पायथन भाषेतल्या काही ओळींनी हलवता येतो. मीडियापाइप मोफत आहे, व्हिस्परही मोफत असून आपल्याच संगणकावर चालतं, त्यामुळे सेटवरचं बोलणं बाहेर कुठे जात नाही. एक लॅपटॉप, वेबकॅम आणि बरा माइक पुरे.

पहिल्याच दिवशी सगळं मराठी शिकवायला जाऊ नका. तीस आज्ञा निवडा, त्या पाच-सहा वेगवेगळ्या माणसांच्या तोंडून गोंगाटात रेकॉर्ड करा आणि पाच खुणा ठरवा : बोट, उघडा पंजा, आडवा सरकणारा हात, मूठ आणि चौकट. बोल्टचं काम १२० शब्दांत भागलं होतं, आपलं तीसमध्ये सुरू होईल. आधी अंगणाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंतची एक ट्रॉली जमवा. ती मुठीने नेमकी थांबली की मग पॅन जोडा.

खरी उणीव यंत्रांची नाही, आवाजांची आहे. कामाच्या जागेवरची मराठी, तिच्या अर्ध्या वाक्यांसकट आणि मिसळलेल्या इंग्रजीसकट, जोवर कोणी पद्धतशीर नोंदवून ठेवत नाही, तोवर मराठी दिग्दर्शकाला यंत्रासमोर इंग्रजी आज्ञाच पाठ कराव्या लागतील. खारघरला सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेचं केंद्र आहे, आजूबाजूला अभियांत्रिकी, डिझाइन आणि ॲनिमेशन शिकवणारी महाविद्यालयं आहेत, खाडीपलीकडे गोरेगावला रोज डझनावारी सेट चालू असतात. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी बोलणाऱ्यांची परवानगी घेऊन चार सेटवरचा आवाज गोळा केला आणि तो सर्वांसाठी खुला ठेवला, तर तो प्रकल्प गुणपत्रिकेपलीकडेही कामाला येईल.